ओवेनने करून घेतलेले हसे

हॅना मलोय नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं लावून देत होती. फेलिक्सला स्वतःला ती लावता येत नव्हती.

"बोटं आहेत की उकडलेले बटाटे?" ती कडाडली. "आणखी एक बोट मोडलं की लोखंडाच्या भट्टीवरही कुणी उभं करणार नाही तुला. मग खायचं काय?"

"म्हणून हातमोजा घालून चेंडू झेलू?" फेलिक्स म्हणाला. "गाव हसेल!"

तेवढ्यात ओवेन केरिगन आत आला. फेलिक्ससारखाच लोखंडाच्या भट्टीतून वर आलेला हा गडी आता आमच्या ट्रॉय गावच्या बेसबॉल संघाचा पगारी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. आज सामना, उद्या सामना, चेंडू टाकायचा ओवेननेच. पण कधी कुरकुर नाही. त्याचा तो गोळीसारखा चेंडू फळीवाल्याच्या मागे उभा राहून फेलिक्स उघड्या हातांनी झेलायचा. तशी रीतच होती. हातमोजा म्हणजे बायकी थेर!

"भट्टीतली तापलेली सळई उघड्या हातानं धरायचास का रे?" ओवेनने विचारलं.

"ते काम होतं."

"आणि ही काय जत्रा आहे? पगार घेतो आपण! माझ्या चेंडूनं तुझी बोटं मोडतात, फेलिक्स. मला घास गोड लागत नाही लेका!"

फेलिक्स काही बधला नाही.

शनिवारी मैदान गच्च भरलं होतं. ओवेन पुढे आला, त्याने खिशातून कातडी हातमोजा काढला आणि स्वतःच्या डाव्या हातात चढवला. चेंडू टाकणाऱ्याला हातमोज्याची गरज नव्हती, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"अरे, घागरा घरी विसरलास का?" लोक ओरडले. कुणीतरी उष्टं सफरचंद भिरकावलं.

"हसा, पोटभर हसा!" ओवेन म्हणाला. "पण आधी मला हसा, मग फेलिक्सला!"

आणि असा चेंडू टाकला, की समोरच्याची फळी नुसती हवेत फिरली! पुन्हा तेच, तिसऱ्यांदाही तेच! हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

फेलिक्सचे डोळे भरून आले. आपली लाज या माणसाने स्वतःच्या अंगावर घेतली! तो चालत पुढे गेला.

"दुसरा आहे का रे?"

"तुझ्यासाठीच आणलाय, गाढवा!"

बंधूंनो, जिवाला जपणं म्हणजे भेकडपणा नव्हे! टाळ्या वाजवणारे संध्याकाळी आपल्या घरी जातात, मोडलेली बोटं मात्र आपल्याच घरी येतात. आणि शहाणपणाची लाज वाटणारा मित्र दिसला, तर त्याला नुसता उपदेश करू नका. आधी स्वतःचं हसं करून घ्या.