वनमालाच्या चेहऱ्यावरचा स्पॉट

मार्तंड सर आम्हा नववीच्या मुलांना नाटकाची प्रकाशयोजना शिकवायला यायचे. मुलुंडच्या आमच्या शाळेत तोवर लाइट म्हणजे लावायचा आणि घालवायचा, एवढंच माहीत. सरांनी डिमर दाखवला. दांडी सरकवली की दिवा हळूहळू वाढतो, हळूहळू मंदावतो. मी तर वेडीच झाले. नायिकेचं काम मला न मिळता वनमालाला मिळालं म्हणून उशीत तोंड खुपसून रडले होते, ते डिमर हातात आल्यावर विसरलेसुद्धा. बाकीचे मात्र विसरले नव्हते.

नाट्यस्पर्धा जवळ आली आणि तालमीत रोज तोच घोळ व्हायला लागला. शेवटच्या प्रवेशात सगळा अंधार, फक्त वनमालाच्या चेहऱ्यावर एक स्पॉट. तिने रडायला सुरुवात केली की तो मलूल. मी दांडी पार वर ढकलायची, तरी उजेड पिवळटच.

"सर, करंटच कमी येतोय."

"बरोबर तिच्याच प्रवेशात, अनुपमा?"

पोरं एकमेकांना कोपरं मारू लागली. वनमाला माझी जिवलग, तीही डबा दुसरीकडे खायला लागली. पुढे पुढे तर मलाच माझ्या हाताचा संशय यायचा.

शेवटी सरांनी डिमर वर्गातल्या धोंडिरामकडे दिला आणि मला हॉलबाहेर काढलं. आत खिडक्यांना जाड पडदे आणि टेपवर सनई, त्यामुळे कधी कानावर न आलेली घरघर बाहेर ऐकू आली. शाळेमागची पिठाची गिरणी सुरू झाली होती, संध्याकाळची दळणं. आमचा शेवटचा प्रवेशही रोज याच वेळेला. तेवढ्यात आतून धोंडिराम ओरडला, "सर, वाट लागली! लाइट पडला!"

मी दार ढकललं. सगळ्यांनी आधी माझ्याकडेच पाहिलं.

"मेन स्विचला हात लावलास?" सरांनी विचारलं.

मी तरातरा गिरणीत गेले, गिरणीवाल्या काकांना मोटर बंद करायला लावली. हॉलमध्ये एकच गलका झाला, स्पॉट लख्ख!

मी परत येऊन गिरणीचं सांगितलं. "चुकलं माझं," म्हणत सरांनी डिमर परत माझ्याकडे दिला.

वनमाला धावत आली. "मला वाटलंच होतं गं, तू असं नाही करणार."

"मग बोलली का नाहीस?"

तेवढ्यात सर म्हणाले, "चला, शेवटचा प्रवेश." मी दांडी वर सरकवली. त्या दिवशी तिला रडण्यासाठी अभिनय करावा लागला नाही.