चौथी मात्रा

दादऱ्यात मात्रा सहा. पहिलीला टाळी, चौथीला खाली. खाली म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला न्यायचा, आवाज करायचा नाही. धावड्याजवळच्या आमच्या वस्तीशाळेत दुसरीच्या सतरा पोरांना हे चार दिवसांत जमलं. अठराव्या सबाला जमेना. ती चौथ्या मात्रेला हमखास टाळी द्यायची आणि वर खुदकन हसायची.

माझं डोकं मुळात तापट. घरचेही म्हणतात, वर्षाराणीच्या जिभेला हाड नाही. सोमवारी मी सबाला पुढच्या ओळीतून उठवलं आणि मागं, खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांजवळ एकटीला बसवलं.

"आता खालीला आवाज केलास तर वर्गाबाहेर बसवीन," मी म्हणाले. "अन् गॅदरिंगला घेणार न्हाई."

ती हसायची थांबली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मंगळवारी पेटी उघडली. तिचा भाता जुना, जरा फुसफुसतो. मी मात्रा मोजत होते, पोरं टाळ्या देत होती. चौथीला वर्ग गप्प. पुढच्या आवर्तनातही गप्प. मान उंच करून पाहिलं, तर सबाचा हात बाजूला, अगदी हवा तसा.

"शाब्बास, सबा. आज बराबर जमलं."

पण हात तिथंच राहिला. पहिली मात्रा आली, सगळ्यांनी टाळी दिली, तिनं दिली नाही. गोंधळली असेल म्हणून मी भाता सोडला. फुसफुस मात्र थांबली नाही.

पोत्यांच्या फटीतून घोणस निम्मी बाहेर आली होती. जाडजूड, पाठीवर साखळीसारखे डाग. सबाच्या उघड्या पावलापासून वीतभर अंतरावर तिचं तोंड होतं.

ओरडावं, तर अठरा पोरं एकदम उठणार, पळणार, एखादं त्या पोत्यांवरच पडणार. आणि सबा नुसती दचकली तरी संपलं.

"आता खेळ," मी म्हणाले. तो आवाज मला माझा वाटला नाही. "सहाही मात्रा खाली. टाळी न्हाई, पाय आपटायचा न्हाई, मागं बघायचं न्हाई. जागचा हलला तो बाद."

"एकबी टाळी न्हाई, मॅडम?" पुढच्या रामेश्वरनं विचारलं.

"एकही न्हाई."

चपला काढल्या. भिंतीच्या कडेकडेनं निघाले. एक, दोन, तीन. सतरा हात मुकाट्यानं हलत होते. चार. घोणशीनं मान आखडून घेतली. मी थांबले, पण मोजणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर पोरांनी मागं पाहिलं असतं. पाच, सहा. इतकी भीती मला जन्मात कधी वाटली नव्हती. पुन्हा एक. सबाच्या मागं पोचले, तिच्या काखेत हात घातले आणि एका हिसक्यात तिला मागं ओढलं.

घोणस झेपावली. दात पोत्यात रुतले.

पुढचं धड आठवत नाही. पोरं बाहेर निघाली, खिचडी करणाऱ्या केशरबाईंनी दाराला बाहेरून कडी घातली. दुपारी भोकरदनहून सर्पमित्र आला आणि घोणस बरणीत घालून घेऊन गेला.

मी लिंबाखाली सबाला मांडीवर घेऊन बसले होते.

"तुला कधी दिसली ती?"

"पहिल्या खालीलाच."

"मंग बोलली का न्हाईस गं?"

"तुम्हीच म्हणल्ता ना," ती म्हणाली, "आवाज केला तर बाहेर बसवीन."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच.

बुधवारी मी पेटी उघडलीच नाही. पोरांना सांगितलं, आज फक्त ओरडायचं शिकायचं. भीती वाटली की ओरडायचं, मी कितीही रागावलेली असले तरी. पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. केशरबाई उलथनं घेऊन धावत आल्या.

सबा आता पुढच्या ओळीत, माझ्यासमोर होती.

"तू पण ओरड, बाळा," मी म्हणाले.

तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. मग तिनं हात हळूच बाजूला नेला आणि मी रागावते का, ते बघत राहिली.