कच्च्या टाक्याचा खिसा

मी एक जुना पांढरा ॲप्रन आहे, मित्रांनो. प्रयोगशाळेत घालतात तो. आता मी पिवळट पडलो आहे, दोन बटणं भलत्याच रंगाची आहेत. त्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्या वर्षाची, जेव्हा माझ्यावर एकही डाग नव्हता.

एका शिंप्याने मला आपल्या लेकीसाठी शिवलं. ती विद्यापीठात रसायनशास्त्र शिकायला निघाली होती. गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून त्याने माझी काजं हाताने केली आणि प्रवासात खिशाचा आकार बिघडू नये म्हणून त्याचं तोंड कच्च्या टाक्याने बंद केलं. "पोचलीस की उसव गं," तो म्हणाला.

पहिल्याच तासाला लेकीच्या हातून काचेची नळी फुटली. शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "तुला इथं कोणी पाठवलं?" वर्ग खो खो हसला. पुढच्या आठवड्यात ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. मग तिने जाणंच सोडलं. प्रयोगाच्या तासाला ती मागच्या जिन्यात बसून राही. मी पिशवीत, घडी घातलेला.

फक्त शनिवारी दुपारी ती मला अंगात घाली, प्रयोगशाळेच्या बंद दारासमोर उभी राही, हसे आणि फोटो घरी पाठवी. शिंप्याने त्यातला एक मोठा करून दुकानाच्या काचेवर लावला. खरं सांगतो, फोटोत मी किती रुबाबदार दिसतो, याचाच मला गर्व होता. ती आतून खचत होती आणि मी मिरवत होतो.

वर्ष संपलं. ती घरी आली. आईने मला धुवायला काढलं, तर शिंपी म्हणाला, "थांब, बघू दे." त्याने कॉलर पाहिली, बाह्या उलटून पाहिल्या. मग त्याचा अंगठा खिशावर थांबला.

"वर्षभर घातलास ना हा?"

"हो बाबा. रोज."

"मग खिसा अजून बंद कसा?"

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. "मी नापास झालेय, बाबा," एवढंच ती कशीबशी बोलली आणि मग हुंदक्यांत सगळं बाहेर आलं. शिंपी ओरडेल, असं मला वाटलं. पण तो तिच्या शेजारी बसला. "दर शनिवारी फोटो बघत होतो," तो पुटपुटला. "माझं लक्ष कपड्याकडेच. तुझ्या तोंडाकडे बघितलंच नाही."

"मग आता शिकायचं नाही का?" आईने विचारलं.

"शिकायचंय," लेक म्हणाली. "पण तिथे नाही."

दुसऱ्या, लहानशा विद्यापीठात तिने अर्ज केला. 'विद्यापीठ का बदलायचे आहे?' या रकान्यात तीनदा खाडाखोड करून शेवटी लिहिलं: 'मी वर्गात जाणं सोडलं होतं.' प्रवेश मिळाला, पण पहिलं वर्ष पुन्हा करण्याच्या अटीवर.

शिंप्याने काचेवरचा फोटो काढला. लगेच एका गिऱ्हाइकाने विचारलं, "काय हो मास्तर, लेकीचा फोटो कुठे गेला?" पडद्याआड लेक मला इस्त्री करत होती. तिचा हात थबकला.

"तिचं तिथं जमलं नाही," शिंपी म्हणाला. "दुसरीकडे जातेय. पहिल्यापासून." गिऱ्हाइकाकडे बघतच त्याने वाक्य पुरं केलं. लेकीने इस्त्री उभी केली, कात्री उचलली आणि माझा टाका स्वतः उसवला.

नव्या ठिकाणी लगेच सगळं सुरळीत झालं, असं नाही. वर्गात ती सगळ्यांत मोठी. पंधरा दिवस तिच्याशी कोणी धड बोललंही नाही. पण ती दारातून आत जाई. एका संध्याकाळी तिने घरी फोन लावला. "बाबा, आज प्रयोग पार फसला. रडू येतंय."

पलीकडे शिलाई मशीनची घरघर थांबली. "बोल," शिंपी म्हणाला. "मला घाई नाही."

मित्रांनो, मला स्वच्छ ठेवा, असं मी सांगणार नाही. घरापासून लांब राहणारं आपलं माणूस 'सगळं मजेत' म्हणालं, तर दुसऱ्यांदा विचारा. आणि तुमच्यावरच ती वेळ आली, तर माझ्यासारख्याच्या आड लपू नका. लपायला मी फार सोयीचा होतो. म्हणूनच ही गोष्ट सांगताना आजही माझी मान वर होत नाही.