नववा पाट

अष्टमीला आमच्याकडे नऊ कुमारिका जेवतात. सासूबाईंपासूनची रीत. पूर्वी आमच्या वसईतल्या गिरीज गावच्या वाड्यांतून नुसती हाक मारली की पंधरा मुली जमत. आता मुली कमी, आणि आहेत त्यांना क्लास. तीन वर्षांपूर्वी आठच आल्या. पुऱ्या लाटून झाल्या तरी नववा पाट रिकामा.

"जयवंतीवहिनींकडे एक आहे ना," हेमांगी म्हणाली. माझी लेक तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती, बँकेच्या परीक्षेची पुस्तकं पुढ्यात घेऊन बसलेली. "त्यांची भाची म्हणे."

मी शेजारच्या बंगल्यात गेले. "न्या की," जयवंतीवहिनी म्हणाल्या, "पण तासाभरात पाठवा हं, भांडी पडलीत." त्या हसल्या, मीही हसले. आईबापांपासून दूर आलेली भाची, आणि भांडी. ऐकलं आणि सोडून दिलं.

मुलगी नऊ-दहा वर्षांची असेल. परातीत तिचे पाय घेतले आणि हात थांबला. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून फाटली होती. चिखल्या. माहेरी लावणीला मी उभी राहिलेय, मला त्या ठाऊक आहेत. दिवसदिवस पाण्यात उभं राहिल्याशिवाय होत नाहीत. तिने बोटं आक्रसून घेतली. मी हळूच पाय धुतले, पुसले, हळदकुंकू लावलं, डोकं टेकवलं.

हेमांगी तिच्यासमोर उकिडवी बसली. "काय गं, नाव..."

मी डोळ्यांनीच अडवलं. पाटावर बसलेल्या कुमारिकेला काही विचारायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. देवीला का कोणी प्रश्न विचारतं? मुलगी खाली मान घालून जेवली. पाच पुऱ्या खाल्ल्या, सहावी फ्रॉकच्या घेरात लपवली. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

ती गेल्यावर हेमांगी स्वयंपाकघरात आली. "आई, तिचे पाय बघितलेस?"

"बघितले."

"मग?"

"आज अष्टमी आहे. उद्या बघू."

तिने माझ्याशी वाद घातला नाही. शॅननला बोलावलं. शॅनन चर्चच्या पलीकडे राहते, हेमांगीची शाळेपासूनची मैत्रीण. रविवारी विरारला इमारतींच्या कामावरच्या मजुरांची मुलं शिकवायला जायची. सगळं ऐकून तिने मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. "उद्या अकराला माणसं येतील. काकी, तोवर बंगल्यात कोणाला काही बोलू नका." मग खिरीची वाटी उचलून म्हणाली, "तुमचे उपास नऊ, आमचे ईस्टरआधी चाळीस. पण आमच्यात खीर नसते हो."

संध्याकाळी उरलेला प्रसाद कुमारिकेच्या घरी पोचवायचा असतो. मी वाटी घेऊन बंगल्यात गेले. माझ्या आजारपणात जयवंतीवहिनींनी महिनाभर डबा दिला होता. वाटलं, देवीच्या दिवसांत कोणाच्या दारात चौकशी नको. शब्दाने होत असेल तर होऊ दे.

"वहिनी, पोरीच्या पायांना चिखल्या झाल्यात. औषध लावा जरा. उद्या कोणी येऊन विचारलं तर बरं दिसत नाही."

"बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या. रिकामी वाटी परत देऊ नये म्हणून तिच्यात साखर घातली.

दुसऱ्या दिवशी अकराला माणसं आली. "कुठली मुलगी? पाहुणी होती, सकाळीच गावी गेली," जयवंतीवहिनी दारातूनच बोलल्या. गाव कुठलं, तेही धड सांगेनात. ओट्यावर दोन बालद्या उपड्या घातलेल्या होत्या.

फॉर्म भरणाऱ्या बाई आमच्याकडे आल्या. "तुमच्याकडे जेवली ना? मुलीचं नाव काय?"

मी तिचे पाय धुतले होते. तिच्या पायांवर डोकं टेकलं होतं. नाव मला माहीत नव्हतं. बंगल्यात तिला 'ए छोटी' म्हणत. नावाची जागा कोरीच राहिली.

ती माणसं गेल्यावर हेमांगी चहा करायला आत गेली. थोड्या वेळाने वाटी हातात घेऊन बाहेर आली.

"आई, ही साखर कुठली?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं.

"म्हणजे तू सांगितलंस," ती म्हणाली. आमच्या घरात कोणी आवाज चढवत नाही. त्या दिवशी तिने चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

बँकेची पुस्तकं तिने वाचनालयाला देऊन टाकली. निकालानंतर वकिलीला प्रवेश घेतला, आणि रविवारी शॅननबरोबर विरारला जाऊ लागली. पत्र्याच्या खोल्यांतली मुलं गोळा करायची, अक्षरं शिकवायची, कोणाला ताप, कोणाला मार, ते पाहायचं. पण सगळ्यांत आधी वहीत मुलाचं नाव, आईचं नाव, गाव. "आली आमची जनगणना," शॅनन चिडवते. हेमांगी हसत नाही. दर महिन्याला ती त्या मुलीच्या फाइलची चौकशी करून येते. मी विचारते, "काही कळलं?" ती म्हणते, "नाही." आमचं बोलणं आता एवढंच.

यंदाच्या अष्टमीला मी आधी प्रत्येकीचं नाव विचारलं, मग पाय धुतले. सासूबाईंची क्षमा मागितली. मुली जेवून गेल्या. नवव्या पाटावर त्या मुलीसाठी पान वाढलेलं होतं, ते तसंच.

हेमांगी विरारहून आली, पाटाकडे बघत उभी राहिली. मग वही काढून जमिनीवर बसली.

"तिच्या फ्रॉकचा रंग आठवतो?"

"नाही गं."

"चेहऱ्यावर काही खूण?"

"चेहरा मी नीट बघितलाच नाही." मी थांबले. "उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. जन्मापासूनची असावी. आणि घोट्याच्या आत तीळ होता, मसुरीएवढा."

तिचं पेन थांबलं. "आई, तीन वर्षं झाली. हे आधी का नाही सांगितलंस?"

"त्या बाईंनी नाव विचारलं होतं. पायांचं कोणी विचारलं नाही."

ती खाली वाकून लिहू लागली. उजवा पाय, करंगळी. मी एकेक शब्द सांगत गेले.