नऊ गाठींचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे, अंबाडीची. विहिरीचं पाणी मोजणं हे माझं काम. आता फार थकले आहे, म्हणून सांगताना थोडी अडखळेन. सांभाळून घ्या.

साक्रीच्या बाजारातून हिलालनानांनी मला आणलं. टोकाला लोखंडी वजन बांधलं आणि दर हाताला एक गाठ मारली. मला विहिरीत सोडायचं, वजन तळाला टेकलं की वर ओढायचं आणि ओल्या गाठी मोजायच्या. जितक्या गाठी, तितके हात पाणी. दिवाळी झाली की लोक नानांना बोलवायचे. पाणी बघून नाना कोणाला कांदा सांगायचे, कोणाला नुसता हरभरा. त्यांचा शब्द कोणी मोडत नसे आणि मला कोणी ओलांडतसुद्धा नसे.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला. विहिरींचे तळ नुसत्या डोळ्यांना दिसत होते, तिथे मला कोण विचारतं? मी ओट्यावर खुंटीला लटकून राहिले. एकदा शेजारच्या मंजुळाबाईंनी कोणाला न विचारता मला नेलं आणि माझ्या खालच्या टोकाशी शेळी बांधली. भुकेली शेळी पाल्यासाठी हिसके द्यायची. मी तीनदा तुटले, तीनदा त्यांनी गाठ मारून जोडलं. पुढे शेळी विकली आणि त्यांनी मला गुपचूप खुंटीवर ठेवून दिलं. मला राग नाही आला. त्या दिवसांत सगळेच काही ना काही जोडत होते. पण गाठ ती गाठ. मापाची कोणती आणि जोडाची कोणती, दिसायला सारखीच.

यंदा पाऊस बरा झाला. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, ते बोटांनी चाचपून मोजतात. आठवड्यात आम्ही सात विहिरी मोजल्या. प्रत्येक ठिकाणी मी तीन हात पाणी जास्त सांगितलं. जीव तुटत होता माझा, पण मला तोंड कुठे आहे?

आठवी विहीर मंजुळाबाईंची. त्यांच्या स्वप्नीलने मला वर ओढलं. नानांनी नऊ गाठी मोजल्या.

"नऊ हात पानी शे," स्वप्नील म्हणाला. "माय, बठ्ठा तीन एकर कांदाच लावूत."

मंजुळाबाई जवळ आल्या. ओली दोरी हातात घेतली आणि एका गाठीवर त्यांचं बोट थांबलं. आपल्या हातची गाठ बाईला कळते. गप्प बसल्या असत्या तर लाज झाकली असती. पण माघ महिन्यात विहीर आटली असती आणि तीन एकर कांदा शेतातच वाळला असता.

"नाना, ह्या तीन गाठी मन्या शेतस," त्या खाली मान घालून म्हणाल्या. "दुष्काळमा मी शेळी बांधेल व्हती."

नाना बराच वेळ गाठी चाचपत राहिले. पाणी जेमतेम सहा हात होतं. नानांनी सांगितलं, एक एकर कांदा, बाकी हरभरा.

"मंजुळा, पहिलेनी सात विहिरी याच दोरीनं मोज्यात," नाना दमल्या आवाजात म्हणाले. "चाल मनासंगे."

त्या दिवशी आम्ही पुन्हा साती बांधांवर गेलो. प्रत्येक बांधावर मंजुळाबाईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. सहा जणांचं रोप अजून वाफ्यातच होतं. सातव्या, लोटनने मात्र आदल्याच दिवशी दोन एकर लावून टाकलं होतं. तो ऐकून विहिरीच्या काठावर बसला. सांगितलंत ते बरं केलंत, अशा सुरात म्हणाला, "आक्का, सांगं हाई बरं कयं." मग उठला आणि आपल्या हाताने एक एकर रोप उपटायला लागला. मंजुळाबाईही पदर खोचून त्याच्यासोबत वाकल्या.

मित्रांनो, मापाच्या वस्तूला दुसऱ्या कामाला जुंपू नका. अडचणीत जुंपलंच, तर परत ठेवताना सांगा. लोक आमच्यावर विसंबून रान पेरतात.

आता माझ्या तीन गाठींवर लाल चिंध्या आहेत. मंजुळाबाईंनीच बांधल्या. मोजताना नाना त्या चाचपतात आणि सोडून देतात.