लाल गाडीखालचा पुठ्ठा

मी एक स्पोर्ट्स कार बोलतेय. लाल, बुटकी, दोनच दारांची. माझ्यात बसताना माणसाला वाकावं लागतं आणि उतरताना कण्हावं लागतं. हसू नका. तरुणपणी मी नुसती गुरगुरले तरी रस्त्याकडेच्या खिडक्या उघडायच्या.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणायचा आणि संध्याकाळी मला घाटात पिटाळायचा. तो गेला आणि त्याच्या पुतण्याने मला ताडपत्रीखाली टाकलं. उंदरांनी माझ्या सीटमध्ये संसार थाटले. मग एक चष्म्याचा दुकानदार आला, ताडपत्री उचलून म्हणाला, "ही धावेल." माझं इंजिन पुन्हा सुरू झालं, त्या दिवशी मला रडू आलं. पण आमच्या रडण्याला लोक गळती म्हणतात.

गळत मात्र मी खरंच होते. आणि माझं गॅरेज म्हणजे मालकिणीची कामाची जागाही होती. ती पडदे शिवते. मोठं कापड बेतायला तिला तीच फरशी लागते. एकदा नाट्यगृहाचा पांढराशुभ्र पडदा पसरला आणि त्याला माझा काळा डाग लागला.

"अहो, हे बघा काय केलंय तुमच्या लाडकीने!"

"अगं, थेंबभर तर आहे."

"थेंबभर तुमच्या चष्म्यावर टाकून बघू?"

एका हॉटेलवाल्याने मला आधीच मागणी घातली होती. त्याला मी दर्शनी दालनात उभी हवी होते. "इंजिन काढून टाकू," तो म्हणाला होता, "त्या जागी कुंड्या छान दिसतील." माझ्या काळजाच्या जागी कुंड्या! मालकिणीने निकाल दिला, "तो रविवारी येतोय. त्या दिवशी गाडीखालचा पुठ्ठा कोरा दिसला तर ती राहील. नाही तर कुंड्या."

मालकाने फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा माझ्याखाली सरकवला आणि कामाला लागला. हिरवा डाग रेडिएटरच्या पाण्याचा होता. नळीची पट्टी सैल झाली होती. ती बदलली, हिरवा डाग गेला. काळा मात्र हटेना. खालच्या ऑइल चेंबरचं पॅकिंग बदललं, तर पुढून गळायला लागलं. पुढचं बदललं, तर मागून. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार.

त्यात मालकाचे सासरे स्टुलावर बसून सल्ले देत. जन्मभर नळदुरुस्ती केलेला माणूस. "जावईबापू, आणखी एक पीळ द्या. पिळल्याशिवाय गळती ऐकत नाही." जावईबापूंनी पिळलं. पॅकिंग चेपून बाहेर डोकावलं आणि धार वाढली. रोगापेक्षा इलाज भयंकर.

मला कुठे दुखतंय ते मी परोपरीने सांगत होते. ऑइल बघायची पट्टी मी सारखी आपोआप वर ढकलायचे. मालक ती पुन्हा आत दाबायचा. रोग्याने जीभ दाखवावी आणि डॉक्टरने ती आत ढकलावी, तशातली गत.

शनिवारी त्याने माझं इंजिन धुतलं, पुसलं आणि त्यावर पावडर उडवली. कुठून ओलं होतंय ते कळावं म्हणून. पावडर मालकिणीची होती, त्यामुळे तीही येऊन उभी राहिली, गळ्यात टेप तशीच. इंजिन सुरू झालं आणि सगळीकडूनच ओले ओघळ उमटले.

"झालं," मालक मटकन खाली बसला. "आता आणायच्या कुंड्या."

मालकीण मात्र वाकून बघत राहिली. "कपडा एका ठिकाणी फाटला तर शिवण कच्ची," ती म्हणाली. "सगळ्याच शिवणी एकदम उसवल्या, तर शिवणींचा दोष नसतो. आतलं अंग फुगलेलं असतं. हिच्या पोटात काहीतरी कोंडलंय."

तिने ऑइलचं झाकण उघडलं. फस्सकन हवा सुटली. पोटातली हवा बाहेर सोडणारा माझा एक पाइप आहे, मालकाने त्याच्यावरून हात फिरवत त्याचं टोक गाठलं. तिथे लाकडी बूच होतं. चांगलं सूत गुंडाळून, नळवाल्याच्या हाताने ठोकलेलं.

दोघांनी स्टुलाकडे बघितलं.

"बाबा?"

"अगं, उघडा पाइप होता. एखादा थेंब पडत होता. मला उघडा पाइप बघवतच नाही, हाताची सवय गं!"

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. माझं नाक दाबल्यावर अंगभर तोंडं उघडली होती. मालकीण हसून हसून माझ्या बॉनेटला टेकली. बूच निघालं आणि मी इतका मोठा श्वास घेतला की काय सांगू! चेपलेली पॅकिंग बदलून झाल्यावर सासऱ्यांनी मान खाली घालून त्या पाइपाच्या टोकाला थेंब धरायची बाटली बसवून दिली.

"चालवून बघते," मालकीण म्हणाली. ती माझ्यात कधी बसलीच नव्हती. पहिल्या वळणावर तिने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. तिसऱ्या वळणावर ती गात होती, आणि तेही बेसूर. मला फार आवडली ती.

रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी ती एकटी गॅरेजमध्ये आली. वाकली. पुठ्ठ्यावर एक थेंब होता. कुठल्या तरी बोल्टवर जुनं तेल राहिलं असेल. माझं इंजिन थंडगार पडलं. तिने दाराकडे बघितलं, मग पुठ्ठा ओढला आणि उलटा करून परत सरकवला.

हॉटेलवाला आला तेव्हा ती दारातच म्हणाली, "माफ करा, गाडी द्यायची नाही. पुठ्ठा बघा, एक डाग नाही." सगळे वाकले. पुठ्ठ्यावर काल नसलेली ठसठशीत अक्षरं होती : 'ही बाजू वर ठेवा.' मालकाने ती वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"खरंच की," तो म्हणाला, "अगदी कोरा आहे."

आता दर रविवारी मला तीच चालवते. माझं एवढंच मागणं आहे : म्हाताऱ्या गाडीचा थेंब दिसला तर लगेच पिळायला धावू नका, आधी तिला श्वास घेता येतोय का बघा. आणि तरीही एखादा थेंब पडलाच, तर पुठ्ठा उलटणारं एक माणूस घरात असू द्या.