चादरीखालचा आरसा

खुर्शीदामावशीला नसत्या चौकशा फार. म्हणूनच भाची तोंड धुताना आरशाकडे पाठ करते, हे घरात एकट्या तिच्या लक्षात आलं. फोनमध्ये मात्र तीच माहलियो दिवसभर स्वतःला न्याहाळत बसे.

लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि पोरीनं आईला बजावलं होतं, "आरसा बघणार नाही. नाहीतर लग्नच मोडा." आता त्यांच्या मरगिलान शहरात नवरानवरीनं एका चादरीखाली एकाच आरशात बघितल्याशिवाय लग्न झाल्यासारखं कुणाला वाटत नाही. आई रडत बसली. मावशीला वेगळाच प्रश्न पडला. फोनमध्ये हिला दिसतं तरी काय?

"दे गं जरा. खात नाही मी त्याला."

माहलियोनं फिल्टर लावून फोन हातात दिला. पडद्यावरची मावशी वीस वर्षांनी लहान होती! नाक सरळ, हनुवटीखालची पिशवी गायब. कणीक तशीच टाकून ती अर्धा तास मान वाकडी करकरून बघत राहिली. मग हात धुवायला गेली आणि न्हाणीघरातल्या आरशातल्या बाईला बघून दचकली. ही कोण म्हातारी?

अर्ध्या तासात आपली ही गत, मग पोरीचं काय झालं असेल? मावशी तशीच ओल्या हातांनी माहलियोकडे आली.

"कधीपासून चाललंय हे?"

"तेरा वर्षांची होते तेव्हापासून. अझमतनंही लग्न ठरवताना मी फोनवरचीच बघितलीय, मावशी. दोनदा भेटलो, पण मी मान वर केलीच नाही. चादरीखाली त्याचं तोंड उतरलं, तर तेही मला आरशात दिसेल."

"चादर मी धरते. तू डोळे मिटून घे. कुणाला कळतंय?"

लग्नात तसंच झालं. पण मावशीला राहवतंय होय? तिनं चादरीची कड उचलून आत बघितलं. माहलियोचे डोळे मिटलेले. आणि अझमतचेही, अगदी घट्ट!

"काय दिसलं रे आरशात?" बायकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं.

"चंद्र," अझमत म्हणाला.

"खोटारड्या! डोळे तर उघड!" मावशी ओरडली.

सगळ्या हसत सुटल्या. चादरीखालून अझमतचा बारीक आवाज आला, "माझं नाक... फोनवर मी ते बारीक करून घेत होतो."

नाक बघायला माहलियोनं डोळे उघडले. नाक खरंच मोठं होतं. तिला हसू फुटलं, आणि आरशात त्या नाकाशेजारी वाकड्या दाताची एक पोरगी हसताना दिसली. ती तिच्याकडे बघतच राहिली.

आरसा परत घ्यायला एक बाई पुढे आली. मावशीनं तिचा हात धरला.

"थांब गं. बघू दे तिला."